टाकीत न पडलेली गोणी

१

पंचवीस किलोची गोणी चोरीला जाताना कुणी पाहिली नव्हती. ती गेली हे एका काचेच्या नळीनं सांगितलं, आणि नळीला खोटं बोलायचं काही कारण नसल्यामुळे सगळ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला.

नळी मोहनरावांच्या प्लेटिंग कारखान्यातली. घाटनांदूरहून अंबाजोगाईकडं निघालं की डाव्या हाताला पत्र्याचं लांब शेड लागतं, तो कारखाना. बैलांच्या घंटा, फवारणी पंपाच्या नळ्या, ट्रॅक्टरचे नट आणि निवडणुका जवळ आल्या की सन्मानचिन्हं, असा सगळा माल तिथं निकेलच्या हिरव्या पाण्यात बुडवून चकचकीत करून देतात. पाण्याची टाकी सहाशे लिटरची. त्यातलं निकेल कमी झालं की माल काळवंडतो आणि गिऱ्हाईक परत येतं, तेही माल घेऊन. म्हणून दर सोमवारी पाण्याची तपासणी होते आणि कमी असेल तितकी हिरवी पावडर टाकीत पडते.

दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी तपासणीत लिटरला एक्कावन्न ग्रॅम निकेल भरलं. पाहिजे साठ. गणित केलं, एक गोणी कमी. पावडरीच्या कोठीची किल्ली कडूबाईकडं असे. तिनं खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी एक गोणी टाकीत ओतली. म्हणजे ओतली असं ती म्हणाली. मग खंडेनवमीची पूजा झाली, दसरा झाला, सुट्टी संपली आणि सोमवारी पुन्हा तपासणी झाली.

एक्कावन्न.

परत केली. एक्कावन्न. तिसऱ्यांदा केली, तरी तेच. आधी जेवढं होतं तेवढंच. साठ नाही, पंचावन्नसुद्धा नाही. गोणी टाकीत पडलीच नव्हती.

मोहनरावांनी पटांगणात नऊ कामगारांसमोर कडूबाईला चोर म्हटलं, किल्ली काढून घेतली, आणि पाच वाजता पोलीस ठाण्यातले जमादार चहाला येणार आहेत, तेव्हा तक्रार देऊन टाकू, असं जाहीर केलं. एका सोसायटीचे ते माजी चेअरमन होते. कुठलीही गोष्ट जाहीर केली की ती झाली, असं त्यांना वाटे.

फक्त तक्रारीवर एका विज्ञानाच्या माणसाची सही पाहिजे होती.

२

विज्ञानाचा माणूस दुपारी दीड वाजता आला, आणि येतानाच दमलेला होता.

भागवत आबा. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. प्रयोग पोरांनी करायचे, चुका प्राध्यापकांनी काढायच्या आणि काचेची भांडी आबांनी धुवायची, अशी वाटणी होती. मोहनरावांनी आधी प्राध्यापकांनाच फोन लावले होते. एक गावाला गेले होते, दुसऱ्यानं फोन उचलला नाही. मग आबा.

कारखान्याच्या फाटकावर दहा बाय सहाचा फ्लेक्स होता. त्यात फेटा बांधलेले मोहनराव एका हातात पूजेचं ताट घेऊन काचेच्या नळीला कसलासा धागा बांधत होते. खाली अक्षरं : ‘खंडेनवमीनिमित्त यंत्रपूजन करताना कर्तव्यदक्ष उद्योजक.’ आबा त्या फ्लेक्सच्या सावलीत मिनिटभर टेकले. दुपारची झोप बुडली होती आणि गुडघे ती आठवण करून देत होते.

“या आबा, या!” मोहनराव म्हणाले. “लई काम न्हाई. हितं फक्त सही.”

“वाचू तर द्या.”

“वाचायला काय हाय त्यात? मशीननं सिद्ध झालंय.”

आबांनी कागद वाचला. बाजूला भिंतीला टेकून एक बाई उकिडवी बसली होती, पन्नाशीची, कपाळ उन्हानं रापलेलं, लुगड्याच्या काठाला हिरवे डाग. ती कडूबाई.

“तुमचं काय म्हणणं हाय, बाई?” आबांनी विचारलं.

“माजं म्हणणं कोण इचारतंय?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. “गोणी म्या वतली. काठीनं तास झाला ढवळत व्हते. दंड भरून आलते. नऊ वर्सं झाली हितं, एक खडा न्हाई नेला.”

“पुरावा हाय ना!” मोहनरावांनी टेबलावर एक कापडी पिशवी उपडी केली. “हिच्या पिशवीत सापडलं सगळं.”

पिशवीतून चटणी-भाकरीचं फडकं पडलं, चुन्याची डबी पडली, काळ्या लोकरीचा एक पेड पडला, एक दोन मिलीची इंजेक्शनची सिरिंज पडली, कोरी, कागदातली. आणि शेवटी एक गाठ मारलेली पुडी. आबांनी गाठ सोडली. आत मूठभर खडे होते, चमकणारे.

“बघा,” मोहनराव म्हणाले. “निकेल!”

कडूबाईनं डोळे मिटले.

३

“एक चहाचा ग्लास द्या,” आबा म्हणाले.

“चहा येतोय की, आबा.”

“रिकामा द्या. दोन द्या. आन दोन खिळे, घासलेले.”

लखन नावाचा तिशीतला गडी टाकी चालवायचा. त्यानं सगळं आणून दिलं. आबांनी एका ग्लासात पुडीतले खडे विरघळवले, दुसऱ्यात कोठीतल्या गोणीतली पावडर. दोन्ही ग्लास शेजारी ठेवल्यावर एक पाणी हिरवं होतं आणि दुसरं चक्क निळं. खरं म्हणजे काम तिथंच संपलं होतं. पण माजी चेअरमनला रंग दाखवून पटत नाही, हे आबांना ठाऊक होतं. त्यांनी दोन्हींत एकेक खिळा सोडला आणि खुर्चीवर डोळे मिटून बसले.

“झोपला का काय, आबा?”

“व्हय. एक मिनिट.”

मिनिटानं खिळे काढले. हिरव्या पाण्यातला जसा गेला तसा बाहेर आला. निळ्या पाण्यातल्या खिळ्यावर तांब्याचा लालसर थर चढला होता.

“तांबं चढलं,” लखन म्हणाला. “करंट न लावता!”

“मोरचूद हाय हे,” आबा म्हणाले. “मेंढ्यांच्या खुरांना?”

“मंग काय तर,” कडूबाई म्हणाली. “खुरं सडल्यात दोघींची. मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवते रोज. आन ती सुई डाक्टरनं सांगितल्याली. म्या सकाळधरनं सांगायलेय, पर मालकाला वाटतं धनगराच्या पिशवीत अवशीद असूच शकत न्हाई.”

मोठ्या माणसाचा पुरावा गेला तरी आरोप जात नाही. तो नुसता दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसतो.

“म्हंजे मोरचूद पिशवीत आन निकेल दुसरीकडं,” ते म्हणाले. “लई हुशार बाई हाय, आबा. सही करा.”

४

आबांनी सही केली नाही. पेन चालत नाही म्हणाले, आणि दुसरं पेन येईपर्यंत टाकीकडं चालत गेले.

शेडमध्ये उकडत होतं. टाकीवर वाफ आणि आंबूस वास. लखन घंटांची माळ पाण्यातून वर काढत होता.

“माल कसा निघतोय?”

“एक नंबर. दसऱ्याच्या आधी कोपरे काळे पडायचे. आता बघा की.” त्यानं एक घंटा पुढं केली. आबांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो होता त्याहून जास्त थकलेला दिसला.

“गोणी टाकताना तू व्हतास?”

“न्हाई ना. मी झेंडूची फुलं आणायला गेलतो. हितं कोणीच नव्हतं.” लखननं इकडं तिकडं पाहिलं. “पर आबा, एक सांगू का? तुमी इचारलं म्हणून सांगतो.”

तो भिंतीपाशी गेला. तिथं खडूनं आकडे लिहिले होते, तारखांसकट. पाण्यात एक काचेचा तरंगता काटा सोडतात. पाणी जड झालं की तो वर उचलला जातो आणि त्यावरचा आकडा वाढतो. लखन तो रोज सकाळी सोडायचा. नवमीच्या आदल्या सकाळी वीस. दसऱ्यानंतर बावीस.

“वाढलंय,” आबा म्हणाले.

“वाढलंय. काय तरी पडल्याबिगर पाणी जड कसं हुईल? मालकांना सांगितलं, तर म्हणले, तू बारावी नापास, खडूनं लिहितो, ती मशीन हाय.”

आबा परत आले आणि त्यांनी हे मोहनरावांना सांगितलं. मोहनरावांनी फार विचार केला नाही.

“मीठ टाकलं असंल,” ते म्हणाले. “निकेल इकलं आन त्याच्याबदली मीठ टाकलं. मिठानं पाणी जड व्हतंच. अंडं तरंगतंय तसं.”

कंटाळवाणी गोष्ट ही की हे खरं होतं. काट्याला जड तेवढं कळतं. कशानं जड हे त्याला कळत नाही. ते कळतं फक्त त्या नळीच्या तपासणीला. आणि नळी म्हणत होती एक्कावन्न.

“बरोबर हाय तुमचं,” आबा म्हणाले.

भिंतीपाशी कडूबाईनं पहिल्यांदा मान वर केली. “आबा, तुमी बी?” ती म्हणाली. “मला जेलचं भ्या न्हाई. पर उद्या वस्तीवर कुणाचं कोकरू हरवलं तरी समदे माज्या दारात येऊन हुबे राहतील. माजी सून, नातवंडं, समदे चोराचे व्हतील. ते कसं भरून काढायचं?”

घड्याळात तीन वाजून गेले होते. जमादार चहाला कधी उशीर करत नसत.

५

तपासणीची खोली म्हणजे कार्यालयाच्या मागचा ओटा, त्यावर फरशी आणि एक बेसिन. तपासणी करायची मोहनरावांची सून राजनंदिनी. बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी नोकरी करायची म्हणत होती. सासऱ्यांनी घरचाच कारखाना काढून तो प्रश्न मिटवला.

“मला एकदा करून दाखवा, ताई,” आबा म्हणाले. “एकतीस वर्षं नुसते चंबू धुतले. निवांत बसून बघायचं राहिलं.”

ती हसली नाही. तिनं टाकीतलं हिरवं पाणी एका पेल्यात आणलं. मग एक बारीक, सरळ नळी घेतली. तिला पिपेट म्हणतात, मोजून पाणी उचलायची नळी. रबरी फुग्यानं तिनं पाणी वर ओढलं, वर चढवून हळूहळू खाली आणलं आणि थांबवलं. नळीतलं पाणी चंबूत सोडलं. साधं पाणी घातलं, अमोनिया घातला. आबांच्या नाकाला जुन्या नोकरीचा झणका बसला. चंबूतलं पाणी निळं झालं. त्यात चिमूटभर भुकटी टाकली, ते पिवळट झालं. मग उभ्या लावलेल्या मोठ्या नळीतून, ब्युरेटमधून, औषध थेंब थेंब सोडायला सुरुवात केली.

“निकेल जितकं जास्त, तितकं हे औषध जास्त लागतं,” ती म्हणाली. “सगळं निकेल औषधानं धरलं की रंग पालटतो.”

आबांना ते ठाऊक होतं. तरी ते डोळे न हलवता बघत राहिले. पिवळं, पिवळं, पिवळं, आणि एका थेंबाला वांग्यासारखं जांभळं.

“सतरा पॉइंट चार,” ती म्हणाली. “दोन मिली पाण्याला सतरा पॉइंट चार, म्हणजे एक्कावन्न ग्रॅम. साठ असतं तर वीस पॉइंट चार लागलं असतं. हात थरथरत नाही माझा. औषध नवीन केलं, भुकटी नवीन आणली. दरवेळी सतरा पॉइंट चार.”

“तुमचा हात चांगला हाय,” आबा म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले. त्यांनी पिपेट उचलून धुतलं, सवयच होती. “याच्यावरच्या रेघा गेल्यात की.”

“अमोनियानं आणि घासण्यानं गेल्या. दोन वर्षं झाली. दुसरं आणायचं आणायचं म्हणता राहिलं. दोन मिलीची खूण म्हणून दोरा बांधलाय, तिथपर्यंत ओढायचं.”

“दोरा कुणी बांधला?”

“मीच.” ती बेसिनकडं बघत म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी.”

आबांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली. लाल दोरा, गाठ घट्ट, टोकाला छोटा गोंडा. गाठीच्या पेडात पिवळी हळद अडकलेली. आबांनी आयुष्यात काही हजार पिपेटं धुतली होती. दोन वर्षं रोज धुतलेल्या दोऱ्यावर हळद राहत नाही, आणि शिवायच्या दोऱ्याला गोंडा नसतो.

“ताई,” ते हळूच म्हणाले, “तुमच्या गणितात दोन मिली धरलेत. नळीत किती धरलेत?”

राजनंदिनीच्या हातातला चंबू फरशीवर टेकला. फुटला नाही, पण आवाज झाला.

६

साडेचारला आबांनी सगळ्यांना ओट्यापाशी बोलावलं आणि स्वतः एका डब्यावर बसले. उभं राहून रहस्य उलगडायची ताकद उरली नव्हती.

“मोहनराव, बाईंची सिरिंज द्या.”

“ती पुरावा हाय.”

“म्हणूनच द्या.”

आबांनी वाटीत साधं पाणी घेतलं. राजनंदिनीला म्हणाले, “नेहमीसारखं, दोऱ्यापर्यंत.” तिनं पिपेट दोऱ्यापर्यंत भरलं आणि दुसऱ्या, कोरड्या वाटीत सोडलं. आबांनी सिरिंजचा कागद फाडला, वाटीतलं पाणी थेंबासकट ओढून घेतलं आणि सिरिंज लखनच्या हातात दिली.

“वाच. तू खडूनं लिहितोस, तुला आकडे कळतात.”

लखननं डोळ्यांजवळ धरली. “एक पॉइंट सात.”

“पुन्यांदा कर.”

पुन्हा केलं. एक पॉइंट सात.

“दोनच्या जागी एक पॉइंट सातच पाणी चाललंय,” आबा म्हणाले. “पाणी कमी, म्हणून त्यातलं निकेल कमी, म्हणून औषध कमी. टाकीत साठ असताना सतरा पॉइंट चारच लागणार. आन सतरा पॉइंट चारला गणित एक्कावन्नच सांगणार. दसऱ्याच्या आधी खरंच एक्कावन्न व्हतं. बाईनं गोणी टाकली, साठ झालं. आन त्याच दोन दिवसांत हा दोरा दोन बोटं खाली आला. गोणीनं वर गेलेलं दोऱ्यानं खाली आणलं, बरोबर तेवढंच. मिठाचा काय संबंध न्हाई. घंटा उजळल्या, काटा उचलला, दोन्ही खरं सांगत व्हते.”

“दोरा खाली आला म्हंजे?” मोहनराव गरजले. “पाय फुटले का त्याला? कुणी केलं हे? नाव सांगा, आत्ता जमादार येतोय!”

राजनंदिनी पदर बोटाला गुंडाळत होती. लखन छताकडं बघत होता.

“नाव सांगायला मला लाज वाटते,” आबा म्हणाले. “पर फोटो हाय त्यांचा. दहा बाय सहा.”

मोहनरावांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते फाटकापर्यंत गेले. बाकीचेही मागं गेले. फ्लेक्सवर कर्तव्यदक्ष उद्योजक नळीला नवा दोरा बांधत होते, आणि दुसऱ्या हातातल्या ताटात, नारळाशेजारी, एक मळका पांढरा दोरा पडलेला स्पष्ट दिसत होता. छापणाऱ्यानं चेहरा उजळ केला होता, त्यात ताटही उजळलं होतं.

“देवाच्या कामात मळका दोरा कसा ठिवायचा?” मोहनराव म्हणाले. आवाज बराच खाली आला होता. “मी आपला स्वच्छ बांधला. गोंड्याचा.” मग सुनेकडं वळले. “आन तुला कळलं न्हाई?”

“नवा आहे ते कळलं होतं, मामा. मला वाटलं तुम्ही त्याच जागी बांधला असेल. पुढं वाटलं, नसेलही.” ती थांबली. “पण पूजेत तुम्ही बांधलेला दोरा मी सोडायचा कसा? आबांनी विचारलं तेव्हाही मी खोटंच बोलले. चूक माझी आहे.” शेवटचं वाक्य ती सासऱ्यांकडं न बघता, कडूबाईकडं बघून बोलली.

७

जमादार पाच वाजता आले. त्यांना चहा दिला आणि तक्रार नाही असं सांगितलं. त्यांना दोन्हींचं सुखच वाटलं.

मोहनरावांनी किल्ली कडूबाईपुढं धरली. “घे. झालं गेलं सोडून दे. उद्या येळेवर ये.”

कडूबाई उठली, पण किल्ली घेतली नाही. “पटांगणात बोलला व्हता, मालक.”

“अगं, आता समद्यांनी बघितलंच की.”

“चोर म्हणलेलं ऐकलंय समद्यांनी. बघितलं त्ये येगळं.”

नऊ माणसं पुन्हा पटांगणात उभी राहिली. मोहनराव भाषणाला कधी अडले नव्हते. त्यांनी तांत्रिक कारणास्तव निर्माण झालेल्या गैरसमजाचा उल्लेख केला. आपली परंपरा आणि आधुनिक विज्ञान यांची सांगड कशी घालावी हे सांगितलं. आबांचा सत्कार करण्याचं जाहीर केलं. ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरलं. लखननं जांभई दिली. कडूबाई पिशवी काखेत धरून तशीच उभी होती.

“अजून आलं न्हाई त्ये वाक्य,” ती म्हणाली.

मोहनरावांनी रुमाल काढला, मान पुसली. हजारभर सभा गाजवलेला माणूस, पण पुढचे शब्द हुडकायला त्यांना वेळ लागला.

“कडूबाई चोर न्हाई,” ते म्हणाले. “गोणी तिनं टाकलीती.”

मग तिनं किल्ली घेतली आणि कमरेला खोचली.

प्रश्न राहिला दोऱ्याचा. खूण चुकीच्या जागी होती, पण दोरा पूजेचा; सोडायला कुणी पुढं होईना, मोहनरावही होईनात. शेवटी कडूबाईनंच पिशवीत हात घालून काळ्या लोकरीचा एक पेड काढला, मेंढ्यांच्या पायांच्या औषधावर पट्टी बांधायला ठेवलेला. राजनंदिनीनं सिरिंजनं मोजलेलं दोन मिली पाणी नळीत ओढून धरलं, आणि पाणी जिथं थांबलं तिथं, लाल दोऱ्याच्या दोन बोटं वर, कडूबाईनं मेंढीचा केस आवळून बांधला. कोकराच्या पायाला बांधतात तशी गाठ, ओढली की घट्ट होणारी.

“पुन्यांदा करा, ताई,” आबा डब्यावरूनच म्हणाले.

पिवळं, पिवळं, पिवळं. जांभळं.

“वीस पॉइंट चार,” राजनंदिनी म्हणाली. “साठ.”

आबांचं डोकं भिंतीला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. बुडालेली झोप त्यांनी वसूल करायला घेतली होती.

त्या नळीला आता दोन दोरे आहेत. काम काळ्यावर चालतं. पाहुणे आले की मोहनराव लाल दाखवतात.